कवायतीला फक्त 10 मिनिटं!

22 आणि 23 ऑक्टोबर 1937. वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिने डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमली. समितीने 7 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी ‘नई तालीम’चा, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षणाचा, आराखडा तयार केला. त्यातलं वेळापत्रक वाचून आजचा क्रीडाशिक्षक दचकेल. साडेपाच तासांची शाळा, आणि शारीरिक शिक्षणाला 10 मिनिटं. मधली सुट्टीही तेवढीच!

थांबा, पुढची ओळ वाचा. हस्तोद्योगाला 3 तास 20 मिनिटं! शाळेचे दिवस वर्षाला 288 धरले होते. गुणाकार केला तर वर्षाकाठी 960 तास मूल हातपाय हलवत शिकणार. कातणं, सुतारकाम, शेती असं अंग मोडून काम होत असेल, तर वेगळी कवायत हवी कशाला?

कातणं म्हणजे बसकाम, असं वाटतं ना? अभ्यासक्रम बघा. टकळी उजव्या हाताने जमली की डाव्याने फिरवायची, बोटांनी जमली की पायावर. दोन्ही हातांना सारखं वळण! आपल्या मुलांचा डावा हात मात्र वही धरण्यापुरताच उरलाय.

ही गोष्ट नुसती इतिहासातली नाही. सेवाग्राम आश्रमाच्या परिसरात 2005 मध्ये नई तालीमची ‘आनंद निकेतन’ शाळा पुन्हा सुरू झाली. इथली पोरं भाजीचे वाफे करतात, स्वयंपाकाला हात लावतात, सूत काततात, सफाईही करतात. वाफा आखताना क्षेत्रफळ कळतं आणि घामही येतो.

आता आजचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. आठवड्यातून किमान 3 दिवस हाडं-स्नायू बळकट करणारी पाहिजे, म्हणजे धावणं, उड्या, चढणं. फायदा फक्त हाडांना नाही, मनालाही होतो. तरी जगातली 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं तेवढी हलत नाहीत, असं 2016 पर्यंतच्या आकडेवारीने दाखवलं. म्हणून ‘पीटीच्या तासाला गणित घेतो’ हे वाक्य मला फार लागतं. शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान सक्तीचं केलंय, ते रिकामं ठेवायला नाही.

मैदानात उतरायचं तर वर्ध्याचं ऊन हा खरा प्रश्न. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, उन्हाळ्यात सकाळची शाळा भरते, ती याच उन्हापायी. मग त्या दिवसांत खेळाचा तास पहिलाच ठेवा की! दुपारच्या फुफाट्यात पोरांना मैदानात उभं करणं हा व्यायाम नव्हे. 30 एप्रिल 1936 ला वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, 66 वर्षांचे गांधीजीही पायी निघाले ते सकाळीच.

आणि साहित्याचं रडगाणं नको. खो-खोला दोन खांब आणि चुन्याच्या रेघा पुरतात. खेळ मात्र भन्नाट. आठ जण एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसलेले, पण ‘खो’ कधी मिळेल याचा नेम नाही, त्यामुळे बसलेलाही सावध! जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. कर्णधार होते प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे.