पावसात फोन भिजला? तांदळाचा डबा उघडण्याआधी हे वाचा

जुलैमधला पाऊस, स्टेशन ते घर एवढं दहा मिनिटांचं अंतर आणि शर्टाच्या खिशात फोन. गेल्या वर्षी माझ्या बाबांसोबत हेच झालं. घरी येऊन त्यांनी फोन पुसला, चालतोय का ते बघायला मला कॉल लावला आणि मग फोन चार्जिंगला लावला. थोड्या वेळाने स्क्रीन लुकलुकायला लागली, तेव्हा आईने तो तांदळाच्या डब्यात खुपसला. दोन दिवसांनी बाहेर काढला, तर फोन गेलेला.

फोन जुना होता, त्याचं फार वाईट वाटलं नाही. पण आजीचे शेवटच्या वर्षातले फोटो आणि तिचे व्हॉईस मेसेज त्यातच होते. बॅकअप नव्हता.

दुरुस्तीवाल्याने फोन खोलून पहिलाच प्रश्न विचारला, "काका, भिजल्यावर चार्जिंगला लावला होता का?"

हा प्रश्न त्याने का विचारला, ते समजून घेऊया.

पाण्याने फोन बिघडतो म्हणजे काय होतं?

अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण नळाच्या, डबक्यातल्या किंवा घामाच्या पाण्यात क्षार असतात. समुद्राच्या पाण्यात तर भरपूर. पावसाचं पाणीही फोनवरची धूळ, घाम सोबत घेऊनच आत शिरतं. हे पाणी चालू फोनच्या बोर्डवर पोचलं की नको तिथून वीज वाहू लागते आणि शॉर्ट सर्किट होतं. त्याचबरोबर धातू झिजायला, गंजायला सुरुवात होते. भिजलेला फोन खोलला की बोर्डवर हिरवट-पांढरा थर दिसतो, तो याचाच.

म्हणूनच काही फोन भिजल्यावर दोन दिवस व्यवस्थित चालतात आणि तिसऱ्या दिवशी अचानक बंद पडतात. बाहेरून फोन कोरडा असतो, आत गंज वाढत असतो. चार्जर लावला की आपणच त्याला आणखी वीज पुरवतो.

मग तांदूळ का नाही?

तांदूळ आजूबाजूची थोडी ओल शोषतो, पण बोर्डच्या चिपखाली अडकलेलं पाणी तो बाहेर खेचू शकत नाही. उलट त्याची पूड आणि बारीक कण चार्जिंग पोर्टमध्ये जातात. ॲपलने तर आपल्या सपोर्ट पेजवर स्पष्ट लिहिलंय, की ओला आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका.

सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे वेळ जातो. फोन दोन दिवस डब्यात असताना गंजाचं काम चालूच राहतं.

फोन भिजला तर काय करायचं?

1. लगेच बंद करा. "चालतोय का बघू" हा मोह टाळा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरलं की बंद करण्याचा पर्याय येतो.

2. कव्हर, सिम आणि मेमरी कार्ड काढा. सिम कोरडं करून दुसऱ्या फोनमध्ये टाका, म्हणजे बँकेचे ओटीपी अडणार नाहीत.

3. पोर्टची बाजू खाली धरून फोन तळहातावर हलकेच आपटा. जोरजोरात हलवू नका, पाणी आणखी आत जातं.

4. मऊ सुती कापडाने पुसून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. हेअर ड्रायर, गॅसजवळची ऊब, कडक ऊन हे सगळं नको. उष्णतेने आतला गोंद सैल होतो, बॅटरीलाही धोका असतो. पोर्टमध्ये कापूस किंवा टिश्यू घालू नका.

5. फोन फक्त शिंतोड्यांनी ओला झाला असेल आणि पोर्ट ओला असल्याची सूचना येत असेल, तर वाळेपर्यंत केबल लावू नका. पोर्ट पूर्ण वाळायला एक दिवससुद्धा लागू शकतो.

6. फोन पाण्यात बुडाला असेल, तर वाट न बघता दुरुस्तीला न्या. तिथे तो खोलून आधी बॅटरी सोडवतात आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड साफ करतात. बॅटरी फुगलेली दिसली, तर चार्जर अजिबात लावू नका.

"पण माझा फोन तर वॉटरप्रूफ आहे!"

खोक्यावर आयपी६७ किंवा आयपी६८ लिहिलेलं असतं. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी६७ म्हणजे 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं. आयपी६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी ठरवते. पण ही चाचणी नव्या फोनवर, साध्या पाण्यात होते. फोन पडला, स्क्रीन बदलली किंवा दोन-तीन वर्षं वापरला की आतलं सील कमजोर होतं. समुद्र आणि स्विमिंग पूलची तर गोष्टच वेगळी.

याच मुद्द्यावर कंपन्यांना दंडही झालाय. इटलीच्या स्पर्धा नियामकाने 2020 मध्ये ॲपलला 1 कोटी युरोंचा, तर ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने 2022 मध्ये सॅमसंगच्या तिथल्या कंपनीला 1 कोटी 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. दोन्हीकडे आक्षेप होता तो पाण्याबद्दलच्या जाहिरातींवर.

वॉरंटीचंही तसंच. बऱ्याच फोनमध्ये सिमच्या खाचेत एक छोटी पट्टी असते, जी पाणी लागलं की लाल होते. सर्व्हिस सेंटरवाले ती बघतात. पाण्याने झालेलं नुकसान साधारणपणे वॉरंटीत बसत नाही.

फोटो परत मिळतात का?

आजच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड असतो. त्यामुळे नुसती मेमरी चिप काढून तो वाचता येत नाही, मूळ बोर्ड थोडा वेळ तरी चालू व्हावा लागतो. आमचा झाला नाही.

म्हणून हे वाचून झालं की एक काम करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप उघडा आणि शेवटचा बॅकअप कधी झालाय ते बघा. फोटोंचंही तेच तपासा. गुगल खात्यावर 15 जीबी जागा मोफत मिळते. ती भरली असेल, तर फोटो पेनड्राइव्हवर किंवा घरच्या कॉम्प्युटरवर टाका.

स्वतःचा फोन झाला की आई-बाबांचाही हातात घ्या. ते स्वतःहून सांगणार नाहीत.