डोळ्यांचे वय आणि अंतराचा अंदाज





गेल्या वर्षी चौथीतला एक मुलगा खेळाच्या तासाला सारखे झेल सोडत असे. मी स्वतः मैदानावर त्याला "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणून रागावले. पुढे शाळेत नेत्रतपासणी झाली. दोन्ही डोळे उघडे असताना त्याने तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. उजवा डोळा झाकल्यावर मात्र सर्वांत वरचे मोठे अक्षरही त्याला सांगता येईना. त्याचा डावा डोळा लहानपणापासून कामालाच लागलेला नव्हता. हे घरी कोणाला ठाऊक नव्हते, शाळेत नव्हते आणि त्याला स्वतःलाही नव्हते.

त्याच पावसाळ्यात माझी आई घरच्या जिन्यावरून पडली. वय ८१. शेवटची पायरी उरली होती, आणि तिला वाटले की जमीन आली. मनगटाचे हाड मोडले.

या दोन्ही घटनांमागे एकच गोष्ट आहे. अंतराचा अंदाज सर्व वयांत सारखा नसतो. लहानपणी तो तयार होत असतो, म्हातारपणी मंदावत जातो. आपण मधल्या वयाची माणसे मात्र सगळ्यांना आपल्यासारखेच दिसते असे धरून चालतो. म्हणून या अंकात थोडे या विषयावर लिहीत आहे.

एक सोपा प्रयोग

विद्यार्थ्यांनो, एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात त्याचे टोपण घ्या. हात समोर लांब धरा. एक डोळा मिटा आणि टोपण बाजूने आणून पटकन बसवून पाहा. बहुतेकांचे चुकेल. आता दोन्ही डोळ्यांनी करा, सहज जमेल.

आपल्या दोन डोळ्यांत सुमारे ६ सेंटिमीटर अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला दिसणारे चित्र किंचित वेगळे असते. या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दोन डोळ्यांपुढे दोन वेगळी चित्रे ठेवून हे सिद्ध करून दाखवले.

पण एका डोळ्यानेही बरेच समजते. जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते. दूरचा माणूस लहान दिसतो. रेल्वेच्या खिडकीतून जवळचे खांब भराभर मागे पळतात, डोंगर सावकाश सरकतो आणि चंद्र तर आपल्याबरोबरच येतो. मेंदू या सगळ्या खुणा वाचत असतो. भोपाळमध्ये जन्मलेले मन्सूर अली खान पतौडी यांची १९६१ मध्ये इंग्लंडमधील मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्याच वर्षी ते भारताकडून पहिली कसोटी खेळले, पुढच्या वर्षी २१ व्या वर्षी कर्णधार झाले आणि नंतर नाबाद २०३ धावाही केल्या. त्यांना आपली उणीव ठाऊक होती, म्हणून त्यांनी तिच्यावर मेहनत घेतली. आमच्या विद्यार्थ्याला ती ठाऊकच नव्हती. बाकीच्या खुणांवर त्याचे रोजचे काम चालत होते आणि चेंडू अंगावर आला की फसत होते.

मूल पाहायला शिकते

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचेच जरा स्पष्ट दिसते. आईच्या मांडीवरून तिचा चेहरा एवढ्याच अंतरावर असतो. तीन ते पाच महिन्यांच्या सुमारास दोन्ही डोळे मिळून खोली ओळखू लागतात. अमेरिकेत एलेनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रांगत्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवले होते. एका बाजूला काचेला लागूनच चौकड्यांचे कापड होते, दुसऱ्या बाजूला ते खूप खाली होते. ३६ पैकी २७ बाळे हलली. समोर आई बोलावत असूनही त्यांतली फक्त ३ खोल दिसणाऱ्या बाजूवर गेली.

आकार ओळखणेही असेच शिकावे लागते. मूळचे भारतीय असलेले अमेरिकेतील प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये आपल्या देशातील जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया केल्या जातात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ८ ते १७ वर्षांची पाच मुले होती. दृष्टी आल्याबरोबर त्यांना एक ठोकळा हाताने चाचपायला दिला, मग दोन ठोकळे नुसते दाखवून "मघाचा कोणता?" असे विचारले. उत्तरे जवळजवळ अंदाजपंचेच होती. नंतर काही दिवसांतच ती सुधारली. म्हणजे डोळा उघडला तरी पाहणे शिकावेच लागते.

या शिक्षणाची सर्वांत चांगली वेळ बालपणाची आहे. तिरळेपणामुळे किंवा एकाच डोळ्याला मोठा नंबर असल्यामुळे एका डोळ्याचे चित्र अस्पष्ट आले, तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. शंभरात एक ते तीन मुलांना हा त्रास असतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, हा उपचार सात वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो. नंतर फायदा होतो, पण कमी. आमच्या विद्यार्थ्याचे नववे वर्ष चालू होते. उपचार सुरू आहेत, थोडी सुधारणाही आहे. तीन वर्षे आधी कळले असते तर, हा विचार मला सोडत नाही.

रस्ता ओलांडताना

येणारी गाडी डोळ्यांत मोठी मोठी होत जाते, त्यावरून आपण तिचा वेग ओळखतो. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांना असे आढळले (२०११), की प्राथमिक शाळेतील मुलांना ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा वेगाने येणारी गाडी पाच सेकंदांवर असताना नीट ओळखता येत नाही. मोठ्यांना ताशी ८० किलोमीटरपर्यंत ते जमते. "गाडी दिसली नाही का?" असे आपण मुलाला विचारतो. गाडी त्याला दिसलेली असते, पण ती येत आहे हे कळलेले नसते.

चाळिशी आणि त्यापुढे

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'जरा-दूरदृष्टिता' असा शब्द होता. 'जरा' म्हणजे थोडी, असे समजून आम्ही मुली हसत असू. 'जरा' म्हणजे म्हातारपण, हे चाळिशी लागल्यावर चांगलेच कळले! डोळ्यातले भिंग वयाबरोबर कडक होते. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटिमीटरवरचेही स्पष्ट वाचता येते, साठीत विनाचष्म्याने पुस्तक सुमारे मीटरभर लांब धरावे लागते.

चष्म्याने अक्षरे परत येतात, पण सगळेच येत नाही. भिंग पिवळसर होते, बाहुली लहान राहते. वीस वर्षांच्या डोळ्याच्या तुलनेत साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. उन्हातून अंधाऱ्या जिन्यात आल्यावर डोळे सरावायलाही जास्त वेळ लागतो. फिक्या रंगांतला फरक कळेनासा होतो, आणि पायरीची कड दिसते ती याच फरकामुळे. आमचा जिना कोटा फरशीचा, सगळ्या पायऱ्या एकाच रंगाच्या. शिवाय आईच्या एकाच डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. दुसऱ्याचे 'दिवाळीनंतर पाहू' म्हणून मीच पुढे ढकलले होते. दोन डोळ्यांचे चित्र जुळत नसेल तर खोली कशी कळणार? त्यातून दोन नंबरांचा चष्मा. त्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून पायाजवळची पायरी अस्पष्ट दिसते.

आपण काय करू या?

१. मूल चार वर्षांचे होण्याआधी त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत. नंतर दरवर्षी. तक्रार नसली तरीही.

२. दहा वर्षांखालील मुलांना शाळेसमोरचा रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नये. घ्यायला येणाऱ्या आजी-आजोबांना फाटकाच्या बाजूलाच उभे राहण्याची विनंती आहे, मुले त्यांच्याकडे येतील.

३. घरच्या जिन्यात चांगला दिवा लावावा आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी रंगवावी. दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन डॉक्टर सांगतील तेव्हा करावे, सवडीवर टाकू नये.

विश्वस्त मंडळींना विनंती, की सभागृहाच्या जिन्याला अशा पट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला कठडा गणेशोत्सवाआधी मंजूर करावा. त्या दिवशी सर्वांत जास्त आजी-आजोबा आपल्या शाळेत येतात.

आणि त्या विद्यार्थ्याची मी सर्वांसमोर प्रार्थनेच्या वेळी क्षमा मागितली आहे. रागावले सर्वांसमोर होते, म्हणून.

आपली,
प्राचार्या