गाठ काढल्यानंतरची लढाई

यकृताच्या कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने पुरती निघाली, तरी डॉक्टर निर्धास्त होत नाहीत. हिपॅटायटिसने किंवा सिरॉसिसने पोखरलेलं, ज्यात गाठ उगवली ते यकृत पोटात तसंच असतं. पाच वर्षांत निम्म्याहून अधिक जणांत रोग परततो.

रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बाहेर वाढवून त्याला परत द्यायच्या, ही कल्पना १९८५ साली गाजली. अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी इंटरल्यूकिन-२ या प्रथिनाने चेतवलेल्या पेशींचे निष्कर्ष छापले. परिणाम दिसला, दुष्परिणामही जबर होते.

यकृतापुरती खरी कसोटी लागली ती जपानमध्ये. संशोधक ताकायामा आणि सहकाऱ्यांनी १९९२ ते १९९५ या काळात शस्त्रक्रिया झालेले १५० रुग्ण घेतले. साधारण निम्म्यांना त्यांच्याच लिम्फोसाइट पेशी सहा महिन्यांत पाच वेळा शिरेतून दिल्या. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले: पेशी न मिळालेल्या ७७ टक्के जणांत रोग उलटला, मिळालेल्या ५९ टक्क्यांत. एकूण आयुष्य मात्र ठोसपणे वाढलेलं दिसलं नाही. त्या अहवालातली ही ओळ उत्साही लोक हटकून गाळतात.

२०१५ मध्ये दक्षिण कोरियातून २३० रुग्णांची चाचणी आली. सोळा वेळा पेशी दिल्यावर रोगमुक्त काळाचा मध्यांक ३० महिन्यांवरून ४४ वर गेला, आणि मृत्यूही घटले. तरी मला एक गोष्ट खटकते. दोन्ही चाचण्यांत दुसऱ्या गटाला काहीच दिलं नव्हतं, खोटी सलाइनसुद्धा नाही. शिवाय हे सारे रुग्ण गाठ आधीच काढलेले किंवा नष्ट केलेले. मोठी गाठ जागेवर असताना गणित वेगळं होतं. आतड्यातून येणारं परकं सतत सोसावं लागत असल्याने यकृत प्रतिकारशक्तीला मुळातच दाबून ठेवतं.

तोवर औषधं पुढे सरकली. २००८ चं सोराफेनिब, मग २०२० मध्ये अॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅबची जोडी. प्रत्येकासाठी वेगळ्या पेशी वाढवत बसण्यापेक्षा तयार बाटली सोपी. पेशी मागे पडल्या त्या यामुळेही, असं मला वाटतं.

त्याच २०२० मध्ये यकृताच्या कर्करोगपेशींवरचं ग्लिपिकन-३ हे प्रथिन हेरणाऱ्या कार-टी पेशींचे, म्हणजे जनुकबदल केलेल्या प्रतिकारपेशींचे, चीनमधले निष्कर्ष आले: रुग्ण १३, गाठ अंशतः आक्रसली ती दोघांची. २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या प्रयत्नांतून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला भारतात मान्यता मिळाली. पण ती उपचारपद्धती ठरावीक रक्तकर्करोग आणि लिम्फोमासाठी आहे. तिचं लक्ष्य बी-पेशींवरचं सीडी१९ हे प्रथिन. यकृताच्या कर्करोगपेशींवर ते नसतं.