एका गोळीतील दोन औषधे

काही वर्षांपूर्वी इंदूरमधील माझ्या दवाखान्यात सत्तरीचे एक गृहस्थ आले. डोळे पिवळे, अंगाला खाज. ‘डॉक्टरसाहेब, दारूचा थेंबही घेत नाही, मग कावीळ कशी?’ इतर कारणे तपासण्यांत निकालात निघाली. कसून विचारल्यावर उलगडा झाला. तीन आठवड्यांपूर्वी साध्या सर्दीवर त्यांनी सुनेच्या उरलेल्या ‘६२५’च्या सहा गोळ्या घेतल्या होत्या. सुनेला सायनसच्या जंतुसंसर्गासाठी त्या दहा गोळ्या मीच लिहून दिल्या होत्या. रिकाम्या पोटी घेतल्याने जुलाब झाले, म्हणून तिने चार गोळ्यांनंतर त्या बंद केल्या. ‘जेवताना घ्या’ हे सांगावयाचे माझ्याकडून राहिले होते.

या गोळीत ५०० मि.ग्रॅ. अमॉक्सिसिलीन व १२५ मि.ग्रॅ. क्लॅव्युलॅनिक आम्ल असते. अमॉक्सिसिलीन जंतूंची पेशीभित्तिका बनू देत नाही. परंतु अनेक जंतू बीटा-लॅक्टमेज हे विकर निर्माण करून त्यालाच निष्प्रभ करतात. क्लॅव्युलॅनिक आम्ल या विकराला जखडून ठेवते. स्वतः मात्र ते जंतू फारसे मारीत नाही. १९८१ साली ब्रिटनमध्ये ही जोडी प्रथम बाजारात आली.

जुलाब व कावीळ यांचा दोष मुख्यतः या दुसऱ्या घटकाकडे जातो. म्हणून गोळी जेवणाच्या आरंभी घ्यावी. पोटाला त्रास कमी होतो आणि क्लॅव्युलॅनिक आम्लाचे शोषणही सुधारते. ‘३७५’च्या गोळीतही ते १२५ मि.ग्रॅ.च असते, तेव्हा तशा दोन गोळ्या म्हणजे एक ‘६२५’ नव्हे. मुलांचे पातळ औषध उकळून गार केलेल्या पाण्यात खुणेपर्यंत कालवावे, फ्रिजमध्ये ठेवावे, दर वेळी हलवून द्यावे आणि सात दिवसांनंतर उरलेले टाकून द्यावे.

पेनिसिलीनची ॲलर्जी असल्यास, किंवा याच औषधाने पूर्वी कावीळ झाली असल्यास, ते घेऊ नये. विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीवर त्याचा उपयोग नाही. कावीळ औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही उद्भवू शकते. वृद्ध पुरुषांत तिचे प्रमाण अधिक असते.

सुदैवाने ते गृहस्थ दोन महिन्यांत बरे झाले. तेव्हापासून चिठ्ठीवर ‘जेवणाच्या सुरुवातीला’ हे शब्द मी स्वहस्ते लिहितो, आणि त्रास झाल्यास गोळ्या परस्पर बंद न करता मला कळवा, असे बजावतो. काविळीच्या प्रत्येक रुग्णाला, गेल्या दोन महिन्यांत घरातील कोणाच्या गोळ्या घेतल्या होत्या का, हेही विचारतो.