हवेतून होणारा रोगप्रसार

खोकणाऱ्या माणसापासून चार हात दूर राहिले म्हणजे भय नाही, ही समजूत आपल्याकडे घराघरांत रुजलेली आहे. ती सर्वस्वी खोटी नव्हे, पण अपुरी आहे. आणि त्या अपुरेपणाची किंमत श्रमिकांना फार मोजावी लागली, असे आमचे मत आहे.

खोकताना, शिंकताना, मोठ्याने बोलतानादेखील तोंडावाटे असंख्य तुषार उडतात. मोठे तुषार चार-पाच फुटांच्या आत जमिनीवर पडतात. बारीक तुषार मात्र वाटेतच सुकतात आणि मागे उरतो तो जंतू पोटात घेतलेला सूक्ष्म कण. बंद खोलीत तो तासन्‌तास तरंगतो. विल्यम वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३४ साली ही मीमांसा मांडली. मोठा तुषार नाकाघशात अडकतो. हा कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो, आणि क्षयाच्या जंतूला तीच जागा हवी असते.

पुष्कळांना हे पटेना. तेव्हा वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी १९५० नंतरच्या दशकात बाल्टिमोरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात एक प्रयोग मांडला. क्षयरोग्यांची सहा खाटांची खोली. तिच्यातील हवा नळांवाटे वर नेलेली. तेथे पिंजऱ्यांत गिनीपिग. या मुक्या प्राण्यांनी रोग्याचे तोंडही पाहिले नव्हते. तरी एकामागून एक त्यांना क्षयाची लागण होत गेली. तीच हवा अतिनील किरणांतून नेली, तेव्हा एकालाही झाली नाही. आणखी एक गोष्ट दिसली, आणि आमच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची. ज्यांच्या जंतूंवर औषध लागू पडत होते, अशा रोग्यांकडून उपचार सुरू झाल्यावर लागण अगदी क्वचित झाली. पसरवणारा मुख्यतः तो, ज्याचा रोग अजून ओळखलाच गेलेला नाही.

(एवढे झाले असूनही करोना हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये सांगितले होते. पुढल्या वर्षी तिला ते बदलावे लागले.)

गुरांतही हेच चालते. कोंदट गोठ्यात दाटीने बांधलेली जनावरे श्वासातून एकमेकांना गोक्षय देतात. माणसाला तो बहुधा कच्च्या दुधातून येतो. लाळ्या-खुरकुताचा विषाणू तर वाऱ्यावर फार लांब जातो. १९८१ साली फ्रान्सच्या ब्रिटनी भागातून तो समुद्रावरून इंग्लंडच्या वाइट बेटावरील गुरांपर्यंत गेला, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष आहे. माणसांच्या रोगांत मात्र मोकळी हवा आपली मैत्रीण आहे. तेथे कण विरळ होतात आणि उन्हाने जंतू मरतात.

म्हणून प्रश्न येतो तो कोंडलेल्या हवेचा. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा सूत तुटू नये म्हणून विणखात्याची हवा दमट ठेवीत आणि खिडक्या लावून घेत. त्यात अंगमेहनत. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो. राबणारा त्याच्या कितीतरी पट. म्हणजे त्याच खोलीतले जंतूही राबणाऱ्याच्याच वाट्याला अधिक.

आमच्या संघटनेतील एका सभासदाला क्षय निघाला. दोन महिने औषध घेऊन, थुंकी स्वच्छ आल्याचा डॉक्टरांचा दाखला घेऊन तो कामावर परतला, तर मालकाने त्याला दारातूनच घरी पाठवले. सोबती जेवायला जवळ बसू देईनात. आमच्यातीलही काहींनी आपला चहाचा पेला जरा बाजूला सरकवला होता; ते लपवण्यात अर्थ नाही. खात्याच्या सात खिडक्या मात्र खिळे ठोकून बंद होत्या, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

चार महिने पत्रव्यवहार केला तेव्हा तो परत कामावर लागला. खिळे काढायला सुताराला अर्धा दिवस पुरला. मग साऱ्या खात्याची थुंकी तपासून घेतली, तेव्हा आणखी दोघे निघाले. त्याच्या शेजारी बसणारे ते नव्हते. खात्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे होते.