नाकातलं फिलर ‘विरघळवता येतं’, मग भीती कसली?

नाकात फिलर भरून घ्यायला निघालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य असतं: “नाही आवडलं तर विरघळवता येतं ना?” लग्न ठरलेली मुलगी हेच म्हणते, तिच्यासोबत आलेली आई हेच म्हणते, आणि हल्ली तरुण मुलंही हेच म्हणतात. चूक त्यांची नाही. रीलमध्ये हेच ऐकवतात, जाहिरातीत हेच छापतात: कापाकापी नाही, पूर्ण भूल नाही, अर्ध्या तासात काम, आणि पटलं नाही तर एका इंजेक्शनने सगळं पूर्ववत. यातलं पहिलं, दुसरं आणि तिसरं बहुतांशी खरं आहे. चौथं अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं सांगायची तसदी कुणी घेत नाही, याची मला चीड येते.

आधी खरा भाग. नाकासाठी बहुतेक वेळा वापरतात ते हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं पारदर्शक जेल. हा पदार्थ आपल्या त्वचेत आणि सांध्यांत असतोच. फिलरमध्ये तो लवकर झिजू नये म्हणून त्याचे धागे रासायनिक प्रक्रियेने एकमेकांना जोडलेले असतात. नाकाच्या मुळाशी, हाडाला लागून थोडं जेल सोडलं की मधला उंचवटा झाकला जातो आणि बाजूने पाहिल्यावर रेष सरळ दिसते. जेल जास्त झालं किंवा वाकडं बसलं, तर हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचून ते विरघळवता येतं. हे एन्झाइम नवं नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याभोवती भूल देताना ती नीट पसरावी म्हणून तेच मिसळतात. म्हणजे ‘आकार आवडला नाही’ या तक्रारीवर उपाय आहे, आणि तो चांगला आहे.

पण नाकातल्या फिलरचा खरा धोका आकाराचा नाही, रक्तवाहिन्यांचा आहे.

त्या कशा जोडलेल्या आहेत हे सांगायला पुण्याच्याच एका जुन्या शस्त्रक्रियेचा आधार घेता येतो. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिची हकीकत छापून आली. कावसजी हा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. 1792 च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. भुवयांच्या मधली कातडीची पट्टी मात्र लगेच तोडायची नसे. ती साधारण पंचविसाव्या दिवशी तोडत, असं त्या मजकुरात लिहिलं आहे. कारण नव्या नाकाला रक्त त्या पट्टीतूनच मिळत होतं. प्लास्टिक सर्जन आजही कपाळाच्या कातडीने नाक घडवतात तेव्हा तिथलीच धमनी जपतात. ही धमनी डोळ्याच्या खोबणीतून बाहेर येते. ती नेत्र धमनीची शाखा आहे. नाकाच्या दांड्यावर उतरणारी धमनीही त्याच नेत्र धमनीची शाखा. आणि डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणारी धमनी? तीसुद्धा तिचीच.

आता सुईचं टोक चुकून नाकावरच्या धमनीत शिरलं आणि दट्ट्या जोरात दाबला गेला, तर जेल रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने डोळ्याकडे सरकतं. दट्ट्यावरचा दाब सुटला की हृदयाच्या ठोक्यासरशी ते पुन्हा पुढे ढकललं जातं आणि वाटेत लागेल त्या शाखेत शिरतं. ती शाखा पडद्याची असली तर त्या डोळ्याने दिसणं काही क्षणांत बंद होतं. याला जेल किती लागतं? मृतदेहांवर केलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भुवयांच्या मधल्या जागेपासून खोबणीच्या टोकापर्यंत कपाळाच्या त्या धमनीत सरासरी 0.085 मिलिलिटर द्रव मावतो असं आढळलं. एका बैठकीत नाकात साधारण अर्धा ते एक मिलिलिटर फिलर वापरलं जातं.

हे पुस्तकी भय नाही. कॅनडातल्या त्वचारोगतज्ज्ञ केटी बेलेझने आणि सहकाऱ्यांनी फिलरनंतर दृष्टीवर परिणाम झाल्याच्या जगभरातल्या प्रसिद्ध नोंदी गोळा केल्या. 2015 च्या आढाव्यात अशा 98 नोंदी होत्या आणि त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्शात इंजेक्शन नाकाच्या भागात दिलेलं होतं. 2019 च्या आढाव्यात, जेमतेम पावणेचार वर्षांच्या काळातल्या आणखी 48 नोंदी जमा झाल्या, आणि आता नाकाचा वाटा 56.3 टक्के होता. या नव्या नोंदींत पाचांपैकी चार वेळा वापरलेला पदार्थ हायल्युरॉनिक अ‍ॅसिडच होता, म्हणजे तेच ‘विरघळवता येणारं’ जेल.

मग ते का विरघळवलं नाही? अनेकदा प्रयत्न झाला. पण डोळ्याचा पडदा वाट पाहत नाही. नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हेरे यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत पडद्याची धमनी सुमारे 97 मिनिटांपर्यंत बंद राहिली तर कायमची इजा दिसली नाही. 240 मिनिटांनंतर मात्र नुकसान भरून येण्यापलीकडे गेलं. क्लिनिकमधून रिक्षा पकडून डोळ्यांच्या दवाखान्यात पोचेपर्यंत, नंबर लागून तपासणी होईपर्यंत किती वेळ जातो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. शिवाय एन्झाइम बाहेरून टोचून ते पडद्याच्या धमनीत अडकलेल्या जेलपर्यंत खात्रीने पोचवण्याची पद्धत आजही नाही. जेल विरघळेल, पण तोवर मेलेल्या पेशी परत येणार नाहीत. हा फरक जाहिरातीत कुठेच नसतो.

डोळा वाचला तरी त्वचेचा प्रश्न राहतोच. नाकाच्या शेंड्याला आणि पाळ्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक असतात. एखादी बंद पडली की त्वचा आधी पांढरी पडते, मग तिच्यावर निळसर-जांभळी जाळी दिसू लागते. शेंडा बोटाने दाबून सोडून पाहा: निरोगी नाकावर एक-दोन सेकंदांत रंग परततो, रक्तपुरवठा अडला असेल तर उशीर लागतो किंवा परततच नाही. दोन-तीन दिवसांनी तिथे पुरळ उठतं आणि माणूस ‘मुरूम आले’ म्हणून घरात बसतो. ते मुरूम नसतात. त्वचा मरायला लागलेली असते. ‘दुखत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे’ हेही चूक, कारण बऱ्याच फिलरमध्ये बधिर करणारं लिडोकेन मिसळलेलंच असतं. अशा वेळी एन्झाइम पहिल्या काही तासांत, भरपूर मात्रेत आणि गरज पडेल तसं पुन्हापुन्हा द्यावं लागतं. वेळेत दिलं तर त्वचा बऱ्याचदा वाचते.

मी ही प्रक्रिया बंद करा म्हणत नाही. बहुतेकांना असं काही होत नाही. लहानसा उंचवटा, बसलेलं नाकाचं मूळ, शस्त्रक्रियेनंतर राहिलेला किरकोळ खळगा यांसाठी प्रशिक्षित हातांत तिचा उपयोग आहे. पण अमेरिकेच्या एफडीएने नाकाचा आकार बदलण्यासाठी कुठल्याही फिलरला मान्यता दिलेली नाही; डॉक्टर ते स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात, आणि ही गोष्ट तुम्हाला सांगणं त्यांचं कर्तव्य आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘फिलरने नाक लहान होतं’: होत नाही. भर घालून काही लहान होत नसतं. सरळ रेषेमुळे ते नीटस दिसतं इतकंच. चेहऱ्याच्या मानाने आधीच मोठं असलेलं नाक चाफेकळी होणार नाही. ‘श्वास मोकळा होतो’: नाकातला वाकडा पडदा फिलरने सरळ होत नाही. ‘आधी नाकाचं ऑपरेशन झालंय, आता फक्त टचअप, म्हणून सोपं’: उलट, व्रणामुळे रक्तवाहिन्यांची जागा आणि पुरवठा बदललेला असतो, धोका वाढतो. ‘बोथट कॅन्युला वापरली की निर्धास्त’: धोका कमी होतो, संपत नाही. ‘दट्ट्या मागे ओढून रक्त आलं नाही, म्हणजे सुई धमनीत नाही’: सुईत घट्ट जेल भरलेलं असताना ही खूण फसवू शकते. ‘सगळी फिलर विरघळतात’: कॅल्शियमची विरघळत नाहीत, सिलिकॉन तर नाहीच.

‘ब्यूटी पार्लरमध्येही करतात की’ हे ऐकलं की मात्र राग आवरत नाही. पार्लरचं काम बाहेरून लावायच्या प्रसाधनांचं. सुईने शरीरात सोडायचा पदार्थ त्यांत बसत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सौंदर्य प्रक्रियांबद्दल डॉक्टरांनाच बजावलं की यूट्यूब पाहून किंवा कार्यशाळेला बसून घेतलेलं शिक्षण पुरेसं नाही. जे डॉक्टरला पुरत नाही, ते पार्लरला कसं पुरेल? ऑनलाइन मिळणाऱ्या बिनसुईच्या ‘हायल्युरॉन पेन’बद्दल एफडीएने 2021 मध्ये वेगळा इशारा दिला होता, तरी ते पेन घरी स्वतःवर वापरणारे लोक आहेत.

नाकात फिलर घ्यायचंच असेल तर खुर्चीत बसण्याआधी काही गोष्टी विचारा. फिलरचा सीलबंद खोका समोर उघडणार का, त्यावरचं नाव आणि बॅच नंबर लिहून देणार का? हायल्युरोनिडेज याच खोलीत आहे का, आणि किती कुप्या आहेत? आपल्याकडे एका कुपीत बहुधा 1500 युनिट येतात आणि नाकावर अडचण आली तर एक पुरेलच असं नाही. नजर गेली तर कुठल्या नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणार, त्यांचा नंबर आहे का? आणि इंजेक्शन झाल्यावर अंधुक दिसलं, डोळ्यात कळ आली, कातडी पांढरी किंवा जाळीदार झाली, तर ‘उद्या सकाळी दाखवू’ म्हणून थांबू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा, आणि नजरेची तक्रार असेल तर त्याच वेळी थेट मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागात जा.