पत्र्यातील छिद्र आणि हत्याराची निवड

बंगळूर शहराच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड हे १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीवसाहत म्हणून स्थापन झालेले गाव. १९९० नंतरच्या काळात तेथे संगणक-उद्योगाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. अशा इमारतींतील वीजपुरवठ्याचे नियंत्रण पोलादी पत्र्याच्या कपाटांतून होते; आणि नवे यंत्र बसले किंवा नवी केबल आली, की त्यांपैकी एखाद्या कपाटाला नवे छिद्र पाडण्याची वेळ येते. काम क्षुल्लक दिसते. परंतु हत्यार चुकले, तर कारागिराचा हात आणि कपाटातील विद्युत्-व्यवस्था ही दोन्ही धोक्यात येतात.

समजा, पत्रा १.६ मिलिमीटर जाडीचा आहे आणि पुश-बटण बसविण्यासाठी २२.५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र हवे आहे. तेवढ्याच व्यासाचे साधे ड्रिल घ्यावे, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण साध्या ड्रिलचे टोक ११८ अंशांच्या कोनात घासलेले असते. त्यामुळे या व्यासाच्या ड्रिलच्या टोकाची उंची जवळजवळ पावणेसात मिलिमीटर भरते. म्हणजे ड्रिलच्या कडा पत्र्याला टेकण्यापूर्वीच त्याचे टोक पलीकडे निघून गेलेले असते. मग ड्रिलला मध्यावर धरून ठेवणारे काहीच उरत नाही. ते थरथरते, छिद्र गोल न होता तिकोनी होते, आणि शेवटच्या क्षणी ड्रिलची धार पत्र्यात अडकून सुटा पत्रा गरकन फिरतो. पत्रा हाताने धरलेला असेल, तर बोटे कापली जातात. म्हणून तो लाकडी ठोकळ्यावर क्लॅम्पने आवळावा. फिरत्या ड्रिलपाशी हातमोजे मात्र घालू नयेत. मोजा गुंतला की हात आत ओढला जातो.

पायऱ्यापायऱ्यांचे, शंकूच्या आकाराचे स्टेप ड्रिल पातळ पत्र्यासाठी यापेक्षा पुष्कळ चांगले. प्रत्येक पायरी छिद्र थोडेसेच मोठे करते आणि मागच्या पायरीने केलेले गोल छिद्र तिला आधार देते. मात्र पायरीची उंची पत्र्याच्या जाडीहून अधिक असली पाहिजे. होल सॉनेही काम होते, पण कडा खरबरीत राहते.

या दोन्ही हत्यारांचा एक समान दोष आहे, आणि तो उभ्या कपाटात फार महाग पडतो. तो म्हणजे धातूचा कीस. हा कीस जोडण्यांमध्ये पडला, तर वीज सुरू होताच शॉर्ट सर्किट होऊ शकते. कारागीर ड्रिलला ग्रीस लावतात, आत कापड पसरतात. युक्ती चांगली, पण सगळा कीस काही तिला सापडत नाही. चुंबक फिरवावा, तर ॲल्युमिनियमच्या किसावर तो निरुपयोगी.

म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना हात पोहोचत असेल, तर बोल्टने आवळण्याचा पंच निवडावा. मध्ये बोल्टपुरते लहान छिद्र पाडून एका बाजूस पंच आणि दुसऱ्या बाजूस डाय ठेवतात व पान्याने बोल्ट आवळतात. पत्रा कातरला जातो आणि चकती डायमध्ये राहते. कीस पडतो तो केवळ त्या लहान छिद्राचा. यासाठी लागणारे बल काढणे सोपे आहे. छिद्राचा परीघ सुमारे ७१ मिलिमीटर. त्याला जाडीने गुणले की ११३ चौरस मिलिमीटर कर्तनक्षेत्र मिळते. मृदू पोलाद कातरण्यास दर चौरस मिलिमीटरला साधारण ३५ किलोग्रॅम बल लागते, म्हणजे एकूण जवळजवळ ४ टन. बोल्टचे आटे हे बल मनगटाच्या जोरावर निर्माण करतात. स्टेनलेस स्टीलला यापेक्षा बरेच अधिक बल लागते, तेव्हा हायड्रॉलिक पंच बरा.

कारखान्यात, जेथे एकाच मापाची शेकडो छिद्रे हवीत, तेथे प्रेस किंवा लेसर किफायतशीर ठरतो. उभ्या कपाटापाशी त्यांचा उपयोग नाही. तेथे आधी वीजपुरवठा बंद करावा, मग पंच चालवावा, उघडी पडलेली कड कानशीने घासून तिला गंजरोधक रंग लावावा, आणि छिद्रातून केबल जाणार असेल तर ग्लँड किंवा रबरी कडे बसवावे.